मोठी लिपि, लहान लिपि

आमच्या पिढीला इंग्रजी शिकवितांना गुरुजींनीं प्रथम चार लिप्या घोटून घेतल्या. पहिली छापील मोठी, दुसरी छापील लहान, तिसरी व चौथी हातवळणाच्या. एकाच अक्षराचीं चार रूपें कशाला, हा प्रश्न वर्गांतल्या प्रत्येक मुलाला पडला होता. कोणी विचारला नाहीं इतकेंच. आपल्या बालबोधींत 'क' तो 'क'च. तो वाक्याच्या आरंभीं येवो, देवाच्या नांवांत येवो कीं वाण्याच्या यादींत येवो, शिरोरेघेखालीं त्याची उंची ठरलेली. त्यामुळें मोठें अक्षर म्हणजे इंग्रजी भाषेचा एक थाट, लग्नांतल्या फेट्यासारखा, असा माझा समज झाला तो साठ वर्षें तसाच राहिला. गेल्या श्रावणांत मात्र तो समज आमच्या घराला फार महाग पडला. ज्यांचीं मुलेंबाळें परदेशीं आहेत अशा वाचकांच्या घरींही तोच धोका असण्याचा संभव आहे, म्हणून ही हकीकत सविस्तर सांगतों.

आमचें घर नगरचें. बागडपट्टींतला वाडा गेला, त्या जागीं मजले उठले, तरी माणसें अजून एका स्वयंपाकघरांत जेवतात. २०२४ सालीं जिल्ह्याचें व शहराचें नांव अहिल्यानगर झालें. अहिल्याबाईंचें जन्मगांव चौंडी हें आमच्याच जामखेड तालुक्यांत, तेव्हां नांव परकें नव्हे. पण घराण्याचा कुलवृत्तांत नव्यानें तयार करण्याचें काम त्याच सुमारास चाललें होतें, आणि त्यांतल्या पत्त्यांत, टिपणांत, जुन्या पत्रांत शेंकडों ठिकाणीं पूर्वीचें नांव होतें. आमचा पुतण्या पुण्यास संगणकाच्या कचेरींत आहे. शनिवारीं घरीं येतो. त्यानें हें काम अंगावर घेतलें.

देवनागरी मजकुरांत तें एका फेरींत उरकलें. इंग्रजी लिपींतल्या यादींत मात्र तेंच नांव तीन वेषांत उभें होतें. कोणी तें पूर्ण मोठ्या अक्षरांत लिहिलेलें, कोणी आद्याक्षर तेवढें मोठें केलेलें, अमेरिकेंतल्या नातवंडांनीं तर सगळेंच लहान. ज्या एडिटरमध्यें आपण मजकूर लिहितों व दुरुस्त करतों, त्याला 'लहानमोठें पाहूं नकोस' असें सांगण्याची एक खूण असते. ती केली म्हणजे तिन्ही वेष सांपडतात. पण नवें नांव तो बहुधा एकाच वेषांत बसवितो, आणि मोठ्या अक्षरांच्या पत्त्यांत मध्येंच एक शब्द लहान अक्षरांचा दिसूं लागतो. ईमॅक्स नांवाचा एक जुना एडिटर आहे, तो मूळ शब्दाचा वेष पाहून नव्याला आपण होऊन तसाच वेष देतो. इतकी समज सर्वांना नसते. आमच्या दादांनीं, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनीं, इंग्रजींत लिहिलेल्या आठवणींत १९४२ सालीं पंडित नेहरू व इतर पुढारी येथील किल्ल्यांत स्थानबद्ध असल्याचा उल्लेख होता. तेथेंही किल्ल्याचें नांव नवें झालें. १९४२ सालच्या गोष्टींत २०२४ सालचें नांव शोभत नाहीं हें यंत्राला कोण सांगणार? तें हातानें फिरवून ठेवावें लागलें.

पुढें यादी एकसारखी दिसावी म्हणून पुतण्यानें सगळीं नांवें प्रथम लहान अक्षरांत आणलीं व मग आद्याक्षरें मोठीं केलीं. मधल्या पायरीवर मीं पडद्याकडे पाहिलें आणि हंसूं आवरेना. दाते मंडळी इंग्रजी वाचणाराला निव्वळ 'तारीख' झालीं होतीं, मोरे 'अधिक' झाले होते आणि साने 'शहाणे' झाले होते! इंग्रजींत मोठें आद्याक्षर हें विशेषनामाचें कुंपण आहे. तें काढलें कीं मनुष्य सामान्यनामांत मिसळून जातो. तरी येथें कांहीं नासलें नव्हतें, कारण आडनांवाचें कोणतें अक्षर मोठें करावयाचें हें सर्वांस ठाऊक असतें.

हें लहानमोठें आलें कोठून, याची थोडी हकीकत मनोरंजक आहे. रोमन लोकांच्या शिलालेखांतलीं अक्षरें तीं आजचीं मोठीं. लहान अक्षरें मागाहून लेखनिकांच्या हातांत, लेखणीच्या ओघांत घडलीं. छापखाने निघाल्यावर इंग्रज जुळारी मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटींत व लहानांचे खालच्या पेटींत ठेवीत. 'वरच्या पेटींतलीं' आणि 'खालच्या पेटींतलीं' हीच त्यांचीं नांवें इंग्रजींत आजतागाईत चालू आहेत. आपल्याकडे निर्णयसागरासारख्या छापखान्यांतल्या जुळाऱ्यापुढें खिळ्यांचे खण याहून कितीतरी अधिक असत, पण ते जोडाक्षरांसाठीं व काना-मात्रांसाठीं. लहान 'क' आणि मोठा 'क' अशी वांटणी तेथें नव्हती. संगणकानें इंग्रजांची पेटी आंकड्यांत उतरविली. १९६३ सालच्या अमेरिकन प्रमाणांत लहान अक्षरें नव्हतींच. १९६७ च्या सुधारणेंत तीं आलीं, व अशा बेतानें बसविलीं कीं मोठ्या अक्षराच्या आंकड्यांत ३२ मिळविले म्हणजे लहान अक्षर व्हावें. मोठा 'एल' ७६, लहान 'एल' १०८. त्यामुळें सबंध ग्रंथाचीं अक्षरें लहान करणें हें यंत्राला डोळ्याचें पातें लवण्याइतकें सोपें. वर्डमध्यें मजकूर निवडून शिफ्ट धरून एफ-३ दाबावें, नोटपॅड-प्लस-प्लसमध्यें कंट्रोल धरून यू. देवनागरी मजकुरावर हाच प्रयोग करून पाहा. कांहींएक होत नाहीं. युनिकोडांत आपल्या अक्षरांना लहानमोठा जोडीदार दिलेलाच नाहीं. आपल्याला या कळेची भीति वाटत नाहीं ती यामुळेंच.

आतां मुख्य गोष्ट. आमच्या आईची एक वही होती. लोणच्या-मुरंब्यांचीं प्रमाणें, मुलांचीं दुखणीं आणि त्यांवरचे उपाय, कोणत्या वर्षीं गहूं किती मण घेतला, कोण केव्हां जन्मलें, कोण केव्हां गेलें, असें सर्व तींत एकापुढें एक लिहिलेलें. आई १९८८ सालीं वारली. दादा नोकरीनिमित्त न्यू जर्सीस होते. १९९३ सालीं आले तेव्हां ते वही बरोबर घेऊन गेले आणि रात्रीं बसून त्यांनीं ती संगणकावर उतरून काढली. त्या काळीं तिकडल्या संगणकावर देवनागरी उमटविणें सोपें काम नव्हतें. यूरोपांतील पंडितांनीं १८९४ च्या जिनीव्हा येथील परिषदेंत संस्कृतासाठीं रोमन लिपीची जी पद्धति पुरस्कारिली, तींत ट, ड, ण यांच्यासाठीं अक्षराखालीं टिंब देतात. तें टिंब साध्या कळफलकावर नसतें. तेव्हां टिंबाऐवजीं मोठें अक्षर लिहावें अशी युक्ति निघाली. अविनाश चोपडे यांची आयट्रान्स ही पद्धति त्याच सुमाराची, आणि दादांनीं तिचाच अवलंब केला होता. लहान 'टी' म्हणजे त, मोठा 'टी' म्हणजे ट. लहान 'डी' द, मोठा 'डी' ड. लहान 'एन' न, मोठा ण. लहान 'एल' ल, मोठा ळ. 'एच' जोडला कीं थ-ठ, ध-ढ. आणि श-ष यांचा भेदही 'एस'च्या लहानमोठ्यावरच. दीर्घ स्वर मात्र ते अक्षर दोनदां लिहून दाखवीत, हें आमचें भाग्य.

म्हणजे या लेखनांत मोठें अक्षर हा फेटा नव्हता. तें मुळीं निराळें अक्षर होतें. ट, ठ, ड, ढ, ण, ळ, ष हीं सात अक्षरें केवळ शिफ्टच्या कळेवर जिवंत होतीं.

१९९४ सालीं वही परत आली व तिच्याबरोबर एक फ्लॉपी. वही माळ्यावर ठेवली. पुढें तिला वाळवी लागली आणि पुठ्ठ्याखेरीज कांहीं उरलें नाहीं. दादा २०११ सालीं गेले, त्यांचा जुना संगणक केव्हांच मोडींत गेला होता. फ्लॉपीवरचा मजकूर सीडीवर घेतला, सीडी कालांतरानें वाचेनाशी झाली, आणि अखेर पुतण्याच्या संगणकावरची एकच प्रत राहिली. ती त्यानें श्रावणांतल्या एका शनिवारीं कुलवृत्तांतासाठीं उघडली.

"काका, मोठ्या काकांची शिफ्टची कळ अडकत असावी," तो मला जेवतांना म्हणाला, "शब्दांच्या मध्येंच कॅपिटल अक्षरें पडलीं होतीं. मीं सगळीं सरळ करून टाकलीं."

"बरें केलेंस," असें मीं म्हटलें. हें येथें मुद्दाम नमूद करतों, कारण पुढें घरांतल्या सर्वांनीं दोष त्या मुलाच्याच पदरीं घातला.

फाइल उघडी असेपर्यंत एडिटर केलेलें काम मागें फिरवून देतो. जतन करून बंद केली कीं तो इतिहास बहुधा पुसला जातो. त्यानें ती जतन करून बंद केली होती. पुढच्या शनिवारीं रोमनचें देवनागरी करणाऱ्या साधनांतून तो मजकूर काढून त्यानें छापील पानें अक्काच्या हातीं दिलीं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय ८५, चष्मा लावून रोज दोन वर्तमानपत्रें वाचते. तिनें पहिली ओळ मोठ्यानें वाचली: "दोन वात्या दाल पान्यांत भिजत घालावी." पुढें 'हलद' आली, 'मीथ' आलें. मुलें हंसूं लागलीं. अक्का हंसली नाहीं. पान खालीं ठेवून ती म्हणाली, "अरे बाळा, हें आईचें बोलणें नाहीं."

तेव्हां कोठें सर्वांच्या ध्यानांत आलें.

मोठ्याचें लहान करतां येतें. परंतु लहान झालेल्यांतून मूळचें मोठें कोणतें, हें कोणत्याच यंत्राला सांगतां येत नाहीं. इतर भाषांनाही याचा अनुभव आहे. जर्मन भाषेंत एका अक्षराला मोठें रूप नव्हतें, म्हणून मोठ्या लिपींत त्याच्या जागीं दोन 'एस' लिहीत. तोच शब्द पुन्हां लहान केला कीं दोन 'एस'च राहतात, मूळ अक्षर परत येत नाहीं. त्याला अधिकृत मोठें रूप मिळालें तें २०१७ सालीं. तुर्कीत टिंबाचा व बिनटिंबाचा असे दोन 'आय' आहेत. इंग्रजी नियमानें लहानमोठें केलें कीं एकाचा दुसरा होतो. ज्या ईमॅक्सचा वर उल्लेख केला, त्यांत निवडलेल्या सबंध भागाचीं अक्षरें लहान किंवा मोठीं करण्याची आज्ञा मुळांत बंदच ठेवलेली असते, आणि पहिल्यानें दिली तर खरोखरच करावयाचें आहे काय असें तो विचारतो. तें वाचून पूर्वीं मला तो एडिटर उगाच सोवळा वाटला असता.

आणखी एक जात सांगून ठेवतों. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं कृतिदेवसारख्या टंकांत लिहिलेला मजकूर पुष्कळ घरीं व कचेऱ्यांत पडून आहे. तेथें पडद्यावर देवनागरी दिसते, पण पोटांत इंग्रजी अक्षरेंच असतात. कृतिदेवांत लहान 'डी'च्या जागीं क आहे आणि मोठ्या 'डी'च्या जागीं अर्धा क्. मोठ्या 'जी'वर ळ आहे आणि लहान 'जी'वर ह. असा मजकूर लहान अक्षरांत आणला तर 'काळ' लिहिलेलें असेल तेथें 'काह' होईल. आपल्या घरीं नव्वद सालानंतरचीं पत्रें, जन्मटिपणें, स्तोत्रें कोणी अशीं लिहून ठेवलीं असतील, तर हात लावण्यापूर्वीं निराळ्या नांवानें एक प्रत करून ठेवावी. आणि शब्दाच्या पोटांत मोठीं अक्षरें दिसलीं तर तीं चुकून पडलीं असें समजूं नये. पुतण्या आतां प्रत्येक फाइलीच्या नांवापुढें तारीख घालून जुनी प्रत जपतो. उशिरां सुचलेलें शहाणपण, पण सुचलें.

दुरुस्तीला दोन महिने लागले. पुतण्यानें एक लहानसा कार्यक्रम लिहिला. प्रत्येक शब्दाचीं संभवनीय रूपें मांडावयाचीं आणि कोशांत पाहावयाचीं. 'पातळ' शब्दाचीं पातळ, पाटळ, पातल, पाटल अशीं चार रूपें होतात. कोशाला त्यांतलें एकच मान्य, तें ठेवावें. अशा रीतीनें बहुतेक मजकूर ताळ्यावर आला. जेथें दोन्ही रूपें शब्द म्हणून खरीं, तेथें मात्र कोश हात जोडतो. दाट आणि दात, भात आणि भाट, मण आणि मन, साठ आणि साथ, वाट आणि वात, सडा आणि सदा. यांतले पुष्कळसे वाक्यावरून सुटतात. पाक 'दात' होईपर्यंत ढवळावयाचा नसतो, आणि गहूं मनानें मोजीत नाहींत. पण आईचे कित्येक शब्द कोणत्याच कोशांत नव्हते. मोल्स्वर्थचा १८५७ सालचा जाडजूड कोश मीं मुद्दाम काढून बसलों. त्यांतही सगळे मिळाले नाहींत. ते अक्कानें सोडविले. पुतण्या वाचीत असे, ती डोळे मिटून ऐके, आणि तो शब्द आपल्या तोंडांत दोनदां फिरवून सांगे. जीभ कोठें लागते यावरून तिला आठवत असे. एकेका शब्दाबरोबर त्या पदार्थाची, त्या दिवसाची, त्या दिवशीं कोण रुसलें होतें याची गोष्ट निघे, आणि काम तेथेंच थांबे. सूनबाईंनीं त्या गोष्टी टिपून घ्यावयास सुरुवात केली हें एक बरें झालें.

जन्ममृत्यूंच्या नोंदी आल्या आणि तेथें अक्काही अडली. आमची सर्वांत थोरली बहीण १९३७ सालीं जन्मली व तीन वर्षांची होऊन गेली. त्या वेळीं अक्का पाळण्यांत होती. दादा आणि मी मागाहूनचे. आईच्या वहींत तिचें नांव एकदांच आलेलें, आणि आतां पडद्यावर 'कमल' असें उरलें होतें. मूळांत कमल, कीं कमळ? दोन्ही नांवें त्या काळीं ठेवीत. आई आमच्यासमोर तें नांव कधीं उच्चारीत नसे. वडिलांच्या टिपणांत ती 'थोरली मुलगी' एवढीच आहे. जन्माची सरकारी नोंद बारशापूर्वीं झालेली, तींत नांव नाहीं. दादांनीं वही उतरतांना तें अक्षर पाहिलें होतें, आणि 'एल' मोठा कीं लहान लिहावा हें ठरविलें होतें; पण तें सांगावयास ते राहिले नाहींत. कुलवृत्तांताच्या मसुद्यांत तिच्या नांवापुढें पुतण्यानें प्रश्नचिन्ह घातलें. अक्कानें तें खोडावयास लावलें. "तिला नांव होतें," ती म्हणाली. "तुम्हांला ठाऊक नसलें तर जागा कोरी ठेवा." महिनाभर जागा कोरी राहिली.

दिवाळीच्या आधीं घरांतलीं तांब्यापितळेचीं भांडीं घांसावयास काढतात. आतां रोजच्या वापरांत तीं कोण ठेवतो? पेटाऱ्यांतून वर्षांतून एकदां बाहेर येतात इतकेंच. त्यांत एक वीतभरही नसलेला पितळी गडू होता, मुलांच्या पाण्याचा. आम्हीं सर्वांनीं लहानपणीं पाहिलेला, पण काळा पडलेला. धाकट्या सुनेनें तो चिंचेनें घांसला आणि गळ्याखालीं तांबटानें टोंचून काढलेलीं ठिपक्यांचीं अक्षरें उजळलीं. ती वाचीत स्वयंपाकघरांतून बाहेर आली. आजोळहून बारशाला आलेला गडू असावा, 'चि. कमळ' आणि खालीं शके १८५९. ठिपक्यांनीं काढलेला ळ, दोन्ही वाटोळीं अगदीं स्पष्ट.

अक्कानें गडू हातांत घेतला, कांहीं बोलली नाहीं, आणि परत आंत नेऊन स्वतः पुन्हां एकदां घांसला. पुतण्यानें त्याच रात्रीं कोऱ्या जागेंत नांव लिहिलें, देवनागरींत.

अजून नऊ शब्द सुटावयाचे आहेत. त्यांतला एक औषधाच्या पानावर आहे. मुलांच्या पोटदुखीवर आईनें लिहिलें आहे कीं अमुक एक वस्तु मूठभर घेऊन रात्रीं भिजत घालावी व सकाळीं तें पाणी द्यावें. ती वस्तु साल कीं साळ, म्हणजे कसली तरी साल कीं न सडलेलें भात, हें समजत नाहीं. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळें व्याकरणही मदतीस येत नाहीं; आणि अक्का म्हणते, तिला लहानपणीं पोटदुखी कधीं झालीच नाहीं. कुलवृत्तांतांत दोन्ही पाठ छापावयाचें ठरलें आहे. थोरल्या सूनबाई डॉक्टर आहेत. त्यांनीं मुद्रितावर समासांत लिहून ठेवलें आहे कीं दोहोंपैकीं कांहींही देऊं नये, मुलाला दाखवावयास आणावें. तो शेराही तसाच छापावा असें अक्काचें म्हणणें आहे.